ओला दगड: मेणवली घाटाच्या मोठ्या जलरंगाच्या नोंदी

१८ जून

काम ठरलं ते असं. मेणवलीच्या घाटाचं भर पावसातलं एक फुल इम्पीरियल जलरंग, २२ × ३० इंच. त्यासाठी घाटावर करायच्या छोट्या अभ्यासचित्रांवरूनच नंतर एक तैलचित्र, २४ × ३३ इंच, म्हणजे चौकटीचं प्रमाण जवळपास तेच राहील.

जागा वाईजवळची, धोम धरणाच्या खालच्या अंगाला. नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागे कृष्णेत उतरणारा अर्धचंद्राकृती घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली घंटाही इथेच टांगलेली आहे. ती चित्रात घ्यायची नाही. एकदा घंटा आली की बघणाऱ्याची नजर तिच्यावरच अडकते आणि या चित्राचा विषय दगड आहे.

उन्हातला घाट रंगवायला तुलनेने सोपा. पायरीचा माथा उजेडात, दर्शनी भाग सावलीत, अर्धं काम सूर्यच करून देतो. पावसात सावली नसते, ढगांमधून उजेड सगळीकडून सारखा येतो, आणि तरी ओला घाट उन्हातल्या घाटापेक्षा जास्त ठळक दिसतो. तो तसा का दिसतो हे आधी समजून घ्यायचं, मग कागदाला हात लावायचा.

२२ जून

कागद. ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, रफ पोत. गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यातले चार शीट आधी तपासले. तपासणी सोपी आहे: कोपऱ्यात स्वच्छ पाण्याचा एक रुंद पट्टा ओढायचा आणि तिरपं धरून बघायचं. पाणी वर चमकत राहिलं तर सायझिंग, म्हणजे कागदाला दिलेली जिलेटिनची खळ, शाबूत. मध्येच गडद ठिपके उमटले तर तिथलं सायझिंग गेलं, तो भाग टिपकागदासारखा रंग पिणार. चारपैकी एक शीट असं निघालं. आकाशाच्या वॉशमध्ये (पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या सलग हातात) हे ठिपके उघडे पडतात आणि मग काहीही करून जात नाहीत. ते शीट रंगमिश्रणांच्या चाचणीसाठी बाजूला काढलं.

दोष साठवणुकीचा. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने हवेत ओल असते, आणि कागदातलं जिलेटिन ती ओल खेचून घेतं. उरलेले शीट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, तोंड टेपने बंद. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर शेकून परत वापरता येतात. तवा मात्र यासाठी वेगळा ठेवायचा.

ताणणं: कागद टबात ६ मिनिटं बुडवला, उभा धरून निथळू दिला, १२ मिलिमीटरच्या प्लायवर पसरला. प्लायला आधी दोन्ही बाजूंनी वॉर्निशचे दोन हात दिलेले, नाहीतर लाकडाचा तांबूस रंग कागदात उतरतो. २ इंची गम टेप चारही कडांना. उन्हाळ्यात हा कागद पाच-सहा तासांत ढोलासारखा ताठ होतो. आज सकाळी ९ ला लावलेला रात्री १० पर्यंत गारच होता, आणि एका कडेचा टेप उचकटला. दमट हवेत डिंक पकडायच्या आत कागद आकसायला लागतो, हे कारण. उपाय: टेपच्या आत दर २ इंचांवर स्टेपलची पिन, आणि पहिले दोन तास पंखा बंद. पंख्याने मध्य आधी सुकतो, कडा ओल्या राहतात, आणि टेप सुटतो.

२९ जून

पहिला मुक्काम घाटावर. सकाळी ७ ते ११. १५ × ११ इंचांचे दोन अभ्यास, म्हणजे क्वार्टर शीट, लांबी-रुंदीला मोठ्या चित्राच्या बरोबर निम्मं.

प्रत्येक अभ्यासाच्या मागे तारीख, वेळ, पाऊस कधी थांबला, वारा कुठून, नदीचा रंग, एवढं लिहिलं. इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडमध्ये केलेल्या ढगांच्या अभ्यासांवर अशाच नोंदी आहेत: दिवस, तास, वारा. तीन महिन्यांनी स्टुडिओत बसल्यावर रंगापेक्षा या नोंदी जास्त उपयोगी पडतात, कारण कोणत्या अभ्यासातला उजेड कोणत्या अभ्यासाला जोडता येईल हे त्यांवरून कळतं.

मुख्य निरीक्षण दगडाचं. सुरुवातीला दगड अर्धा सुका होता, म्हणून फरक शेजारीशेजारी बघायला मिळाला. सुका बेसाल्ट मध्यम राखाडी, दहा टोनच्या पट्टीवर (० काळा, १० पांढरा) साधारण ५. ओला झाला की ३ वर येतो. दगडाच्या बारीक छिद्रांत पाणी भरतं, उजेड पृष्ठभागावरून विखरून परत यायच्या ऐवजी आत शिरतो आणि तिथेच शोषला जातो. त्यामुळे टोन उतरतो आणि दगडाचा खरा रंग खुलतो: हिरवट, तांबूस, कुठे जांभळट. सुकेपणी हे रंग दिसत नाहीत.

पण हे पायरीच्या उभ्या भागाबद्दल झालं. आडव्या माथ्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तो आरशाचं काम करतो. किती, ते नजरेच्या कोनावर. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर आकाशाचा जेमतेम २ टक्के उजेड परत येतो. अगदी तिरपं, उभ्या रेषेपासून ८० अंशांवरून पाहिलं तर जवळजवळ तिसरा हिस्सा परत येतो. म्हणजे पायापाशी असलेल्या पायरीचा माथा काळाच दिसतो आणि वीस पावलांवरच्या पायरीचा माथा आकाशाच्या जवळ जाईल इतका उजळ. दगड तोच, पाणी तेच. ओला दगड एकाच वेळी सुक्यापेक्षा काळाही असतो आणि उजळही, आणि घाटाचा सगळा ठळकपणा इथून येतो.

आणखी एक: माथ्याचा मधला भाग वर्षानुवर्षं पावलांनी गुळगुळीत झालेला आहे, तिथे पाणी सलग राहतं आणि चमकतं. भिंतीलगतच्या टोकांना टाकीच्या खुणा अजून आहेत, तिथे चमक तुटते. म्हणजे उजेड पायरीच्या मधोमध, कडांकडे विरत जाणारा.

६ जुलै

दुसरा मुक्काम. फक्त टोन, एका रंगात: सेपिया, पाणी, ८ नंबरचा राउंड ब्रश. चार छोटे अभ्यास, प्रत्येकी ५ × ७ इंच, २० मिनिटांचा एकेक.

टोन जोखायला मोबाइलचा बंद काळा पडदा वापरला. घाटाकडे पाठ करायची आणि पडद्यात प्रतिबिंब बघायचं. रंग मंदावतात, तपशील जातो, मोठे ठोकळे उरतात. जुन्या काळचे चित्रकार गडद काच याच कामासाठी बाळगत. डोळे किलकिले करून हेच साधतं, पण पावसाच्या पांढऱ्या उजेडात डोळे फार लवकर दमतात.

टोनचा हिशोब: आकाश ९, लांबच्या पायऱ्यांचे माथे ८, नदी ६, पलीकडचा काठ ५, देवळाची भिंत ४, पायऱ्यांचे उभे भाग ३, झाडांचा गाभा २. काळा कुठेच नाही.

नदी आज गढूळ, ओढ्यांचं पाणी आलेलं. गढूळ पाण्याला स्वतःचा रंग असतो आणि प्रतिबिंबाचाही असतो, दोन्ही एकावर एक. जवळ, वरून बघताना मातीचा रंग जास्त. दूर, तिरपं बघताना आकाश जास्त. पायरीच्या माथ्याचाच नियम, मोठ्या पृष्ठभागावर. काळ्या भिंतीचं प्रतिबिंब अशा पाण्यात भिंतीपेक्षा दीड-दोन टोन उजळ आणि तपकिरीकडे झुकलेलं. स्वच्छ पाण्यातल्यासारखं गडद प्रतिबिंब इथे रंगवलं तर नदीचं तळं होतं.

९ जुलै

राखाडी रंग. बाद झालेल्या शीटवर २ इंचांचे ३६ चौकोन आखले. ट्यूबमधला पेन्स ग्रे आणि काळा दोन्ही बाद. ओले असताना भरदार दिसतात, सुकल्यावर फार फिकट आणि मेलेले वाटतात, आणि मुख्य म्हणजे त्यांत एकच रंग असतो. ओल्या बेसाल्टमध्ये किमान तीन हवेत.

ठरलेलं मिश्रण अल्ट्रामरीन निळा (ट्यूबवरचा रंगद्रव्याचा संकेत पीबी २९) आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना. ३ भाग निळा, २ भाग सिएना: थंड राखाडी, उभ्या भागांसाठी. समसमान: जवळजवळ निर्गुण राखाडी. सिएना वाढवला की पाणी झिरपलेल्या सांध्यांचा तांबूस. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, रफ कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि दगडाचं रवाळ अंग आपोआप मिळतं. त्यासाठी बोर्ड सपाट ठेवावा लागतो. २० अंश उतार दिला की कण वाहून जातात आणि पोत पुसट होतो. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले, फरक एका खोलीच्या अंतरावरून दिसतो.

बर्न्ट सिएना घेताना ट्यूबवरचा संकेत वाचावा. पीबीआर ७ असेल तर मातीचा पारदर्शक रंग. काही कंपन्या त्याच नावाखाली पीआर १०१ देतात, तो जास्त नारिंगी आणि जोरदार, निळ्याला दाबून टाकतो. प्रमाण मग ४:१ पर्यंत न्यावं लागतं.

शेवाळ्यासाठी या राखाडीत टोकाएवढा न्यू गॅम्बोज हा पिवळा, तोही वॉश ओला असताना कडेने सोडायचा. आधीच मिसळला तर सगळा दगड हिरवा होतो.

लालसाठी क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९). जुना अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) उजेडात उडतो, आणि आकाशाच्या राखाडीतून लाल उडाला की काही वर्षांत ते आकाश हिरवट दिसू लागतं.

१३ जुलै

हिरवा. याच्यावर पूर्ण दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता. सह्याद्रीच्या पावसाळी चित्रांत सगळ्यात जास्त चित्रं हिरव्याने बिघडतात.

पहिली चूक ट्यूबमधल्या सॅप ग्रीनची. तो एकटा वाईट नाही, पण गवतालाही तोच, झाडालाही तोच, डोंगरालाही तोच लावला की सगळं एकाच प्रतलात येऊन बसतं. मग फरक दाखवायला लोक टोन बदलतात, रंग बदलत नाहीत.

दुसरी चूक शाळेत शिकवलेल्या सूत्राची: दूरचे डोंगर निळे. हिवाळ्यात, स्वच्छ हवेत ते खरं आहे. हवेतले अतिसूक्ष्म कण निळा उजेड जास्त विखुरतात. पावसाळ्यात मध्ये धुकं असतं, आणि धुक्याचे थेंब या कणांच्या मानाने कितीतरी मोठे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं. पावसातला दूरचा डोंगर त्यामुळे आकाशाच्याच राखाडीचा असतो, अर्धा टोन गडद, निळसरपणा अगदी नाममात्र. पांडवगडाच्या बाजूचा डोंगर २९ जूनच्या अभ्यासात कोबाल्ट निळ्याने केला होता. त्या अभ्यासात पाऊस आहे असं वाटतच नाही, आणि दोष त्या एका निळ्या आकाराचा आहे.

तिसरी गोष्ट, पावसात जवळचा हिरवा भडक दिसतो तो भास नाही. पानांवरची धूळ गेलेली असते, आणि उन्हात पानाच्या मेणचट पृष्ठभागावर जी पांढुरकी चकाकी असते ती पसरट उजेडात कमी होते. म्हणून जवळचा हिरवा खरोखर भडक ठेवायचा, पण अगदी थोड्या जागेत.

शेवटी ठरलेली मिश्रणं, जवळून दूर. बांधावरचं नवं गवत: न्यू गॅम्बोज ३, अल्ट्रामरीन १, सिएनाचा स्पर्श. झाडाची उजेडाकडची बाजू: रॉ सिएना आणि कोबाल्ट समसमान, त्यात लेमन यलो. झाडाचा गाभा: व्हिरिडियन हिरवा आणि क्विनाक्रिडोन रोझ, जवळजवळ समान, त्यात सिएना. हे मिश्रण काळ्याइतकं खोल जातं आणि तरी मातकट होत नाही. पलीकडचा काठ: कोबाल्ट आणि रॉ सिएना, भरपूर पाण्यात. मागचा डोंगर: आकाशासाठी केलेल्या वॉशमध्येच थोडा कोबाल्ट, किंचित यलो ऑकर. त्यासाठी वेगळी वाटी घ्यायचीच नाही, हा नियम केला. वाटी एकच असली की डोंगर आकाशापासून तुटत नाही.

१७ जुलै

रंगवणं नाही, बघणं. समोर तीन चित्रकारांची नावं ठेवली आहेत.

आबालाल रहिमान: मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ, रंकाळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. एकाच पाण्यावर इतक्या वेळा परत गेल्याने तास आणि ऋतू ओळखता येतो. या प्रकल्पात घाटावरच्या फेऱ्या वाढवायचं कारण तेच.

प्रल्हाद अनंत धोंड: समुद्राची पारदर्शक जलरंगं. वॉश ओला असतानाच निर्णय, आणि एकदा ठेवलेल्या रंगाला पुन्हा हात नाही. आपल्या आकाशासाठी आणि नदीसाठी ही शिस्त हवी. दगडासाठी ती पुरत नाही, दगडाला कडा लागतात.

शिवाजी तुपे: नाशिकचा गोदाघाट. घाट, देवळं, माणसं या गर्दीतून दगडाचे मोठे आकार आधी उचलायचे आणि तपशील अगदी मोजक्या ठिकाणी, हे त्यांच्या चित्रांसमोर उभं राहून शिकण्यासारखं आहे. पायरी न पायरी मोजून रंगवायचा मोह होतो तेव्हा हे आठवावं.

२० जुलै

रेखाटन. अर्धचंद्राकृती घाटात पायऱ्या सरळ रेषांत पळत नाहीत, प्रत्येक कड लंबवर्तुळाचा तुकडा असते. ठरवायच्या गोष्टी दोनच: नजरेची पातळी आणि लंबवर्तुळांचा मधला अक्ष.

नजरेची पातळी कागदाच्या वरून ९ इंचांवर. तिच्या खालच्या पायऱ्यांचे माथे दिसतात, जितक्या खाली तितके रुंद. पातळीच्या जवळ येतील तसे माथे बारीक होत नुसती रेषा उरते. पातळीच्या वरच्या पायऱ्यांचे माथे दिसतच नाहीत, फक्त उभे भाग. इथे हमखास चूक होते: माहीत असलेली पायरी काढली जाते, दिसणारी नाही. दुसऱ्या अभ्यासात वरच्या चार पायऱ्यांना माथे काढले होते. घाट पुढे कलंडल्यासारखा दिसत होता.

अभ्यासावर १ इंचाची जाळी आखली, तपकिरी कागदावर २ इंचांची, आणि रेखाटन त्यावर मोठं केलं. जलरंगाच्या कागदावर थेट जाळी आखायची नाही. रेषा खोडताना कागदाचा पृष्ठ खरवडतो आणि त्या जागी वॉश गडद बसतो. तपकिरी कागदाच्या मागे ४ बी पेन्सिल घासून कापसाने पसरवली, ताणलेल्या कागदावर ठेवून बोथट सुईने रेषा दाबून उतरवल्या. जास्तीचं शिसं मळायच्या खोडरबराने नुसतं टिपून घेतलं.

२४ जुलै

चाचणी, हाफ शीटवर. दोन चुका झाल्या, दोन्ही मोठ्या चित्राआधी झाल्या हे बरं.

पहिली. आकाशाच्या वॉशला उन्हाळ्यात १२ मिनिटं लागतात, आज ४५ लागली. चमक गेल्यावर कागद सुकला असं समजून २५ व्या मिनिटाला झाडाचा पातळ रंग लावला. कागद वरून मंद पण आत ओला होता. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी, त्या पाण्याने खालचे रंगकण ढकलत नेले आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड उमटली. पावसाळ्यात हा अर्धओला काळ लांबतो, म्हणून धोकाही लांबतो. नियम असा: चमक असेपर्यंत रंग सोडता येतो, तोही कागदावरच्यापेक्षा दाट. चमक गेली की हात मागे. हाताच्या पाठीला कागद गार लागत नाही तोवर पुन्हा पुढे जायचं नाही. हेअर ड्रायर चमक गेल्यानंतरच, एक फूट अंतरावरून, सारखा हलवत. आधी लावला तर हवेने रंग सरकतो. आणि ड्रायरनंतर कागद थंड होऊ द्यायचा. गरम कागदावर पुढचा वॉश निम्म्यात सुकतो आणि पट्टे पडतात.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. पायऱ्यांचे सगळे माथे कोरा कागद म्हणून राखले आणि उभे भाग एकसारखे गडद केले. निकाल: काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सतरंजी. २९ जूनची नोंद समोर असून हे झालं. जवळचा माथा गडद, दूरचा उजळ, हा उतार उभे भाग रंगवायच्या आधीच कागदावर हवा. म्हणून क्रम बदलला. सगळ्या पायऱ्यांवर, माथे आणि उभे भाग न बघता, आधी एकच उतरता वॉश: दूर कोरा कागद, जवळ टोन ५. तो पूर्ण सुकल्यावर फक्त उभे भाग. राखलेला पांढरा फक्त दूरच्या तीन-चार माथ्यांच्या मधल्या भागात.

मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावायचा रबरी द्रव) वापरायचं नाही असंही ठरलं. दमट हवेत ते कागदाला धरून बसतं, दुसऱ्या दिवशी काढताना पृष्ठ उपटतो, आणि त्याची कडा फार धारदार येते. ओल्या दगडाची चमक एका बाजूला धारदार आणि दुसऱ्या बाजूला विरलेली असते.

२८ जुलै

मोठं शीट. रंग आधी मळून वाट्यांत तयार: आकाशाचा ४० मिली, पायऱ्यांच्या उतरत्या वॉशचा ३० मिली, दोन्ही पातळ ताकाइतके. मध्येच वॉश संपला तर तोच रंग दुसऱ्यांदा मिळत नाही.

बोर्ड १५ अंश. पायऱ्यांच्या वरचा सगळा भाग २ इंची चपट्या ब्रशने ओला केला, ३ मिनिटं मुरू दिला, पुन्हा एक हात पाणी. पहिलं पाणी कागद पितो, दुसरं वर राहतं. आकाश: कोबाल्ट, रोझ, थोडा ऑकर, वरून खाली पातळ होत. चमक असतानाच त्याच वाटीतला डोंगर, ब्रश कापडावर एकदा टिपून. वरची कड विरली, खालची राहिली. पलीकडचा काठ चमक संपायच्या बेतात, दाट ताकाइतका रंग. फक्त दोन ठिकाणी कड पसरली, ती तशीच ठेवली.

मग थांबलो ते सकाळपर्यंत.

२९ जुलै

उतरता वॉश, बोर्ड सपाट. १२ वाजेपर्यंत पूर्ण सुकला. कणांचा पोत छान बसला आहे.

दुपारी उभे भाग. ब्रश १० नंबरचा टोकदार राउंड. दूरच्या पायऱ्यांना थंड मिश्रण, टोन ५, कडा मऊ. जवळ येताना सिएना वाढवत टोन ३. प्रत्येक पायरी वेगळी न रंगवता तीन-चार पायऱ्या मिळून एक आकार केला, आणि तो ओला असताना सांध्यांत शुद्ध सिएना व कडेने गॅम्बोज सोडला. वरची कड धारदार, कारण तिथे माथ्याचा उजेड संपतो. खालची कड ओल्या ब्रशने विरवली, कारण तिथे दगड खालच्या माथ्यातल्या पाण्यात उतरतो आणि त्याचं धूसर प्रतिबिंब पडतं. हे प्रतिबिंब बोटभर रुंदीचं असतं पण तेच दगड ओला असल्याचं सांगतं. ते नसलं तर माथा चुन्याने रंगवल्यासारखा दिसतो.

१ ऑगस्ट

नदी. ऑकर, सिएना, थोडा अल्ट्रामरीन, जवळ दाट, दूर जाताना आकाशाच्या उरलेल्या वॉशने पातळ केलेला. एकाच दमात, बोर्ड उलटा धरून, म्हणजे जवळची दाट बाजू वर आणि रंग दूरच्या बाजूला उतरतो. भिंतीचं प्रतिबिंब ओल्यात, उभ्या फटकाऱ्यांनी. सुकत आल्यावर जवळजवळ कोरड्या चपट्या ब्रशने दोन आडव्या रेषा उचलून घेतल्या, ते वाऱ्याचे पट्टे. तिसरी उचलायचा मोह टाळला.

३ ऑगस्ट

झाडाचा गाभा. व्हिरिडियन-रोझचं मिश्रण साईइतकं दाट. सुकल्यावर अपेक्षेपेक्षा एक टोन फिकट आला. दुसरा हात दिला आणि तिथे चूक झाली: खालचा थर ब्रशने हलला, रंग मळला, डाव्या कोपऱ्यात हिरवा निर्जीव झाला. व्हिरिडियन कागदाला घट्ट धरत नाही, वरून ब्रश फिरला की सुटतो. गडद रंग पहिल्याच हातात पुरेसा दाट हवा होता. फिकट वाटेल म्हणून नव्हे, फार गडद वाटतो आहे अशी भीती वाटेपर्यंत दाट.

दुरुस्ती: तो तळहाताएवढा भाग ओल्या स्पंजाने उचलून टोन ७ पर्यंत आणला, रात्रभर सुकवला, आणि तिथे झाड न करता धुकं राहू दिलं. रचनेला त्याने मदतच झाली, देवळाची कड मोकळी झाली.

शेवटी माणसं: पायऱ्यांवर दोन, लांब, छत्रीसकट. लाइट रेडचा एक ठिपका. देवळाची उंची त्यांच्यावरून कळते. तिसऱ्या माणसाची जागा नाही.

१७ ऑगस्ट

तैलचित्र सुरू. प्राण्यांच्या सरसाचं सायझिंग दमट हवेत फुगतं आणि कॅनव्हास ढिला पडतो, म्हणून अ‍ॅक्रिलिक जेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर), तीन हात, मध्ये २२० नंबरचा पॉलिशपेपर. वर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट सिएना, कापडाने पुसून. हिरव्या-राखाडी चित्राखाली ही ऊब फटींतून दिसत राहते.

जलरंगात उजेड राखायचा असतो, तेलात तो शेवटी ठेवायचा. त्यामुळे क्रम उलटा: आधी सगळ्या पायऱ्या टोन ३ च्या, पातळ, जवळजवळ बिनतेलाच्या रंगात. माथे नंतर, जाड पांढऱ्याने, कडेला बोटाने विरवून. वरच्या थरांत टर्पेंटाइन कमी करत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी सुकून खालच्याबरोबर न आकसता तडकतो. तेलाच्या चिंध्या पाण्याच्या डब्यात टाकून झाकण लावायचं. गोळा करून कोपऱ्यात ठेवल्या तर स्वतःहून तापून पेट घेतात.

२१ सप्टेंबर

तैलचित्रात देवळाच्या भिंतीवर मंद, पांढुरके पट्टे: रंगातलं तेल खालच्या थराने शोषलं. टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल समसमान, अगदी पातळ हात देऊन लगेच पुसून घेतलं. भिंत पुन्हा आपल्या टोनवर आली आणि तेव्हा कळलं की ती मुळात बरोबर होती. आधीच गडद करायला गेलो असतो तर दोन टोन खाली गेली असती.

५ ऑक्टोबर

जलरंगाची फ्रेम. बुरशी टाळायला: चित्र आठवडाभर कोरड्या खोलीत उघडं ठेवलं, मागे-पुढे आम्लमुक्त माउंट, माउंटची जाडी ३ मिलिमीटर म्हणजे काच कागदाला टेकत नाही. काचेला टेकलेला कागद पुढच्या पावसाळ्यात तिथेच चिकटतो. वरच्या कडेला फक्त दोन बिजागऱ्या, जपानी कागद आणि गव्हाच्या खळीच्या. चारही बाजू चिकटवल्या तर कागद ओलीने फुगल्यावर त्याला हलायला जागा राहत नाही आणि लाटा पडतात. फ्रेमच्या मागे खाली दोन बुचाचे तुकडे, भिंतीपासून हवा खेळावी म्हणून.

तैलचित्राला वॉर्निश मार्च-एप्रिलमध्ये, थर सुकल्यावर आणि हवा कोरडी असताना. दमट दिवशी डॅमर (झाडाच्या राळेचं) वॉर्निश लावलं तर दुधाळ होतं. तोवर ते भिंतीकडे तोंड करून न ठेवता उजेडात ठेवायचं आहे, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं.